सुट्टीच्या शुभेच्छा आणि निळ्या काठाची बशी

वास्को,
६ जानेवारी १९९०

ती. सौ. शालिनीआक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे गुरुदासाचा, वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळी धडधाकट आहोत. सुखी आहोत की नाही ते पत्र संपेपर्यंत तूच ठरव. भावजींचा गुडघा काय म्हणतो? कारापूरच्या वैद्याचा लेप लावल्यापासून ते जिना गुपचूप चढतात पण उतरताना ओरडतात, असं तू लिहिलं होतंस. (चढण्यापेक्षा उतरणंच कठीण, हे मलाही यंदा कळलं.) काजूला मोहोर धरला का? साईशच्या अभ्यासाची चौकशी करत नाही, उगाच तुझं रक्त कशाला आटवू? पेडण्याहून काकांचं पत्र आलं होतं, त्यात त्यांनी मला 'तू आता मोठा माणूस झालास' असं लिहिलंय. कारण मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी झालो. तर आक्का, या मोठेपणाची गोष्ट सांगायलाच हे पत्र आहे. भावजींना वाचून दाखवणार असलीस तर आधी त्यांना कदेलावर नीट बसव, कारण मधे उठायला मिळणार नाही.

आमची इमारत तू पाहिली आहेस. नाव 'सागरदर्शन', आणि जनेलातून दर्शन होतं ते बंदरावरच्या खनिजाच्या ढिगांचं. पण माणसं म्हणशील तर सोनं. चेअरमन दत्तारामबाब, बँकेतून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावर राहतात. माणूस देवमाणूस, कुणाचं मन दुखवायचं नाही म्हणून पाऊस पडत असला तरी समोरच्याने 'काय ऊन आहे' म्हटलं की 'हो ना' म्हणणारा. हे दत्तारामबाब मुलाकडे टोरांटोला राहून आले, आणि येताना एक ओव्हरकोट आणि एक तत्त्व घेऊन आले. ओव्हरकोट वास्कोत चालला नाही. म्हणून मग तत्त्व चालवायचं ठरलं.

तत्त्व असं की, सुधारलेल्या देशात सणाचं नाव घेऊन शुभेच्छा देत नाहीत. समोरचा कुठल्या धर्माचा, कुठल्या पंथाचा, की कुठलाच नाही, आपल्याला काय ठाऊक? आपण आपलं 'नाताळाच्या शुभेच्छा' म्हणून जावं आणि त्याच्या काळजाला घरं पडावीत! म्हणून तिकडे शहाणी माणसं नुसतं 'सुट्टीच्या शुभेच्छा' म्हणतात. सुट्टी सगळ्यांचीच, तिला धर्म नाही. आक्का, गच्चीवरच्या सभेत हे ऐकताना मला खरोखर भडभडून आलं. किती बारीक विचार! किती माणुसकी! आमच्या इमारतीत हिंदू आहेत, ख्रिस्तांव आहेत, तळमजल्यावर शिंपीकाम करणारे हमीदभाई आहेत, आणि आम्ही आजवर एकमेकांना खुशाल सणाचं नाव घेऊन शुभेच्छा देत होतो. अडाणीपणाच की! मी लगेच ठराव लिहिला. हमीदभाईंनी एकच शंका काढली, की ईदेची सुट्टी चंद्रावर असते; आदल्या दिवशी शुभेच्छा देऊन बसलो आणि चंद्र दिसला नाही तर त्या परत घ्यायच्या का? दत्तारामबाब म्हणाले, यासाठी उपसमिती नेमू. तेवढ्यात बटाटेवडे आले आणि ठराव एकमताने मंजूर झाला. (तुझी भावजय सुमंगला मागे उभी राहून काहीतरी पुटपुटली, पण फ्लॅट माझ्या नावावर असल्यामुळे ते पुटपुटणं इतिवृत्तात घेता आलं नाही.)

पुढे जे काय झालं ते हात दाखवून अवलक्षण. दसऱ्याला आमच्या इमारतीतला महेश, कोल्हापूरकडचा, बांधकामावर सुपरवायझर आहे तो, आपट्याची पानं घेऊन माझ्याकडे आला आणि विचारू लागला की 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणू का? मी ठराव काढून वाचला. म्हटलं, पानांना हरकत नाही, पानं ही वनस्पती आहे, पण सोनं म्हणू नकोस. तो गरीब बिचारा दारोदार 'झाडाची पानं घ्या, सुट्टीच्या शुभेच्छा' म्हणत फिरला. दत्तारामबाबांच्याच घरी जानकीवहिनींनी ती पानं कचरा समजून केरात टाकली. तुळशीच्या लग्नाला तर सरकारी सुट्टीच नाही, म्हणजे शुभेच्छाही नाहीत. सगळ्यांनी खाली मान घालून पोहे खाल्ले आणि तेराव्याला आल्यासारखे उठून गेले. कहर झाला तो मधे कुणी पुढारी वारले आणि कचेऱ्या बंद झाल्या तेव्हा. त्यांच्या पक्षाचा एक कार्यकर्ता काळी फीत लावून, रडून रडून डोळे सुजलेले, जिन्यातून उतरत होता, आणि आमच्या नियमनिष्ठ महेशने त्याचा हात हातात घेऊन त्याला सुट्टीच्या हार्दिक शुभेच्छा दिल्या. त्या प्रकरणात सेक्रेटरी या नात्याने मला माफी मागायला जावं लागलं आणि चहासुद्धा मिळाला नाही.

पण हे सगळं चटणीकोशिंबीर झालं. खरं जेवण पुढे आहे, आणि ते माझ्या घशाखाली अजून उतरलेलं नाही.

आमच्या समोरच्या दारात कायतानबाब आणि एस्पेरान्साबाय राहतात, हे तुला ठाऊकच आहे. कायतानबाब रेल्वेत गार्ड होते. शिट्टी गेली पण आवाज राहिला, दोन डब्यांपलीकडे ऐकू जातो. आमच्या दोन घरांत एक बशी आहे. एक म्हणजे एकच. जेवणाच्या ताटाएवढी, चिनी मातीची, निळ्या काठाची. गणपतीत, चवथीला, ती सुमंगलाच्या नेवऱ्या (महेश ज्यांना करंज्या म्हणतो त्या) घेऊन समोर जाते आणि तिथेच राहते. नाताळाला ती बेबिंक आणि दोदोल असं गोडधोड घेऊन आमच्याकडे येते आणि पुढल्या चवथीपर्यंत आमच्या फळीवर राहते. मुळात ती कुणाची, हे आता त्यांनाही सांगता येत नाही आणि आम्हालाही नाही. नियम एकच, आणि तो कुणी लिहिलेला नाही: बशी रिकामी जात नाही, आणि दुसऱ्या कुठल्या बशीतून ते खाणं जात नाही.

आता आक्का, तुझ्या भावाचा स्वभाव तुला ठाऊक आहे. भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा मी मराठीच्या मोर्च्यात आणि कायतानबाब कोंकणीच्या. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की पाव घ्यायला आम्ही दोघं पिशव्या घेऊन जिन्यात उभे, आणि भांडण सुरू. ते कोंकणीतून, मी मराठीतून. दोघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द कळायचा, त्यामुळे भांडण फार सुंदर व्हायचं. ते मला म्हणायचे, तू घरात आईशी कोंकणी बोलतोस आणि रस्त्यावर मराठीच्या घोषणा देतोस, लाज नाही? मी म्हणायचो, तुमच्या देव्हाऱ्यासमोरच्या आरत्या कुठल्या भाषेत असतात ते सांगा! ते म्हणायचे, आमच्याकडे देव्हाराच नाही रे मूर्खा! पोदेर हसून हसून उंडे चुकीच्या पिशवीत टाकायचा. असं दोन वर्षं चाललं. पण त्या वर्षांतही चवथीला बशी गेली आणि नाताळाला आली. राजभाषेच्या कायद्याचं काय व्हायचं ते झालं, आम्ही दोघांनीही आपणच जिंकलो असं जाहीर केलं, गोव्याचं घटकराज्य झालं, आणि भांडण आपलं सवयीने चालू राहिलं. खरं सांगतो, त्या भांडणावाचून मला पाव गिळत नसे.

गेल्या चवथीला, म्हणजे ठरावानंतरच्या पहिल्याच सणाला, सुमंगला बशी भरून, वर रुमाल झाकून दारातून बाहेर पडत होती, आणि मी तिला अडवलं. मी म्हटलं, अगो, नेवऱ्या म्हणजे शुभेच्छाच, फक्त घन स्वरूपातल्या. (हे वाक्य दत्तारामबाबांचं, पण मला फार आवडलं होतं.) सेक्रेटरीच्याच घरून ठराव मोडला तर बाकीच्यांनी काय करावं? तिने बशी मेजावर ठेवली आणि आत गेली. त्या नेवऱ्या मीच खाल्ल्या. पुढे आठ दिवस आमटीला मीठ नव्हतं.

त्यानंतरची गोष्ट मला लगेच कळली नाही, हळूहळू कळली. पोदेराचा भोंपू वाजला, मी पिशवी घेऊन बाहेर आलो आणि एक सणसणीत वाक्य टाकलं, राजभाषेबद्दल. कायतानबाबांनी पाव घेतले, माझ्याकडे वळले, आणि हात जोडून स्वच्छ मराठीत म्हणाले, "आपलं म्हणणं बरोबर असेल." आणि दार लावून घेतलं. आक्का, माझ्या अंगावर काटा आला. ज्या माणसाने तत्त्व म्हणून उभ्या जन्मात माझ्याशी मराठीचा एक शब्द काढला नाही, तो मला 'आपलं' म्हणतो! दिवाळीला त्यांनी मला जिन्यात गाठून 'आपणांस सुट्टीच्या हार्दिक शुभेच्छा' असं म्हटलं. ठरावाप्रमाणे अगदी बिनचूक. पण मला घरी येऊन पाणी प्यावं लागलं.

मग डिसेंबरात एक दलाल आला. त्याच्याबरोबर एक जोडपं. समोरचं दार उघडं होतं आणि ते लोक टेप लावून खोली मोजत होते. मी दारात उभाच राहिलो. संध्याकाळी सुमंगला एस्पेरान्साबायकडून सगळं ऐकून आली आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात उभं करून तिने ते ऐकवलं. घर विकून मडगावला जायचं त्यांचं चाललं होतं. कायतानबाब म्हणाले होते, या माणसाशी मी दोन वर्षं रस्त्यावर भांडलो, तरी बशी आली. म्हणजे भांडण नुसतं भाषेचं होतं, मनात काही नव्हतं. आता भांडण मिटलं आणि बशी थांबली. म्हणजे जे काही आहे ते मनातच आहे. मी म्हटलं, अगो, पण तो नियम! सुमंगला म्हणाली, तेही ते बोलले: नियम माणूस आपल्या सोयीसाठी करतो. आणि एस्पेरान्साबायने काय सांगितलं ठाऊक आहे? इतकी वर्षं तुम्ही काय बोललात, मोर्च्यात काय ओरडलात, तिला कधी वाईट वाटलं नाही. तिचं मन दुखवायचं नाही म्हणून तुम्ही ठराव केलात, आणि ते या वर्षी पहिल्यांदा दुखलं.

शिरां पडो त्या ठरावावर, एवढंच बोललो. आणि म्हटलं, कर नेवऱ्या, आत्ता नेऊन देतो. तर ही बया पदर खोचून म्हणते कशी, नियम तुमचा, नेवऱ्याही तुमच्याच. मी शेगडीला हात लावणार नाही.

तर आक्का, नाताळाच्या आदल्या दिवशी तुझ्या भावाने नेवऱ्या केल्या. मैदा भिजवला, तो आधी खळ झाला, मग दगड झाला. सारण मात्र उत्तम झालं होतं (मी अर्धं तिथेच खाल्लं). पाऱ्या लाटल्या, त्यांचे आकार गोव्याच्या तालुक्यांसारखे आले, डिचोली आणि पेडणे तर ओळखूसुद्धा येत होते. पण तेलात सोडल्या आणि एकेक नेवरी तोंड उघडू लागली. सारण तेलात, तेल भिंतीवर, मी मोरीत. गौरवी दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती; माझी स्वतःची मुलगी! सुमंगला बाहेरच्या खोलीत शांतपणे लोकर विणत बसली होती. शेवटी जे काय हाती लागलं ते मी निळ्या काठाच्या बशीत मांडलं, वर रुमाल टाकला, आणि चार पावलांचा तो जिन्यातला पट्टा ओलांडला. आक्का, मोर्च्यात लाठी अंगावर येतानाही एवढा घुटमळलो नव्हतो; दार वाजवण्याआधी रुमाल तीनदा सारखा केला.

दार कायतानबाबांनीच उघडलं. मी मोठ्याने म्हटलं, "नाताळाच्या शुभेच्छा." नाव घेऊन, आख्खं. त्यांनी रुमाल उचलला. बशीकडे पाहिलं. एक नेवरी उचलली, तिच्या उघड्या तोंडातून आत डोकावून पाहिलं, आणि मग, आक्का, देवाशपथ सांगतो, सगळी इमारत हादरेल अशा आवाजात म्हणाले, "ह्यो कसल्यो नेवऱ्यो? पोटांत कांयच ना! तुमचीं मराठी भाशणां कशीं, भायल्यान फुगिल्लीं, भितर वारें!"

मला रडूच आलं. कोंकणी! इतक्या महिन्यांनी! मीही आवाज चढवून म्हटलं, "आणि तुमच्या भाषणांत नुसतं सारण, पारीचा पत्ता नाही!" मग जे आम्ही जुंपलो, ते वरून दत्तारामबाब ओव्हरकोट घालून धावत आले. (थंडीसाठी नव्हे, गडबडीत हाताला तोच लागला.) तेवढ्यात आतून एस्पेरान्साबाय आली, तिने माझ्या हातातली बशी काढून घेतली, आणि लगेच परत आणली ती भरून. बेबिंक! दोन दिवस झाकून ठेवलेलं. मी म्हटलं, केलं होतंत तर पाठवलं का नाही? ती माझ्याकडे असं पाहू लागली जणू मी काल जन्मलो. म्हणाली, बशी तुझ्याकडे होती ना रे, पाठवणार कशातून?

या बाईला काय म्हणावं? मन मोडलेलं, घर विकायला काढलेलं, आणि तरी थरावर थर देत शेगडीपुढे बसून बेबिंक केलं, शेजाऱ्याची बशी कदाचित येईल म्हणून. आक्का, मी अनेक सभा पाहिल्या, व्याख्यानं ऐकली. एवढं मोठं माणूस मी पाहिलं नाही.

दत्तारामबाब ओव्हरकोटात तसेच उभे होते. एस्पेरान्साबायने त्यांनाही बेबिंकचा तुकडा दिला. तो खाता खाता ते हळू आवाजात म्हणाले, टोरांटोला चवथ आली तेव्हा जानकीने मोदक केले होते. शेजारी कुणाला द्यावेत कळेना. कुणी काही म्हणालं नाही, आम्हीही काही म्हणालो नाही. मला वाटलं, हीच सभ्यता असणार. नाहीतर इतक्या मोठ्या शहरात इतकं गप्प कोण राहील? मग त्यांनी आणखी एक तुकडा मागितला. भला माणूस गो. ठराव अजून जिन्यातल्या सूचनांच्या फळ्यावर आहे, कारण तो रद्द करायला सभा घ्यावी लागेल आणि सभेला वडे आणावे लागतील; पण काल हमीदभाईंनी त्याच्यावर आपल्या दुकानाचं कॅलेंडर टांगलंय.

भावजींना नमस्कार, साईशला आशीर्वाद आणि अभ्यासाबद्दल एक धपाटा.

तुझा,
गुरुदास

ता. क. : मूळ काम सांगायचं राहिलंच. कायतानबाबांनी घराचा विषय अजून संपवलेला नाही. ते म्हणतात, फुटक्या नेवऱ्या मी धरत नाही, चवथीची बशी अजून यायची आहे. न फुटलेली एक तरी नेवरी तुझ्या हातची खाईन, आणि मग घराचं काय ते ठरवीन. सुमंगला अजून नेवऱ्यांसाठी शेगडीला हात लावत नाही. तेव्हा नेवरीला मुरड कशी घालायची, की ती तेलात तोंड उघडत नाही, ते उलट टपाली सविस्तर लिही. समोरचं घर वाचवायचं आता तुझ्या हातात आहे.

ता. क. दुसरा (हा भावजींना वाचून दाखवू नकोस) : काल संध्याकाळी बशी माझ्या हातून फुटली. घासत होतो. घरात कुणी नव्हतं, कुणाला कळलेलं नाही, तुकडे कागदात गुंडाळून ऑफिसात नेऊन टाकले. आईच्या रुखवताच्या सेटातली एक निळ्या काठाची बशी तुझ्याकडे आहे, अगदी तशीच. ती गवतात बांधून साखळीहून सुटणाऱ्या वास्कोच्या बसच्या कंडक्टरकडे दे. सुमंगलाला एक अक्षर कळता कामा नये.

ता. क. तिसरा (दुसऱ्या हातचा) : वन्संना सुमंगलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून चार ओळी लिहिते. बशी फुटल्याचा आवाज समोर एस्पेरान्साबायपर्यंत गेला होता. आम्ही दोघी जिन्यातच होतो. ती काही पहिली बशी नव्हे. पहिली माझ्या हातून फुटली, गौरवी रांगत होती तेव्हा. त्यानंतरची तिच्या हातून. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका भांडीवाल्याकडे तशाच मिळतात. जिच्या घरी फुटते ती गुपचूप आणते, आणि हे दोघे पुरुष दरवर्षी त्या जुन्या बशीवर भाषण करतात. करू देत. तुमच्या आईची बशी जागेवरच राहू दे.

दुसरं म्हणजे, कायतानबाब काय म्हणाले ते यांनी तुम्हाला जसंच्या तसं लिहिलंय, पण यांच्या अजून डोक्यात शिरलेलं नाही. न फुटलेली नेवरी मिळेपर्यंत ते घराचं काही ठरवणार नाहीत. दलालाला त्यांनी तसंच सांगून परत पाठवलं, आणि रोज पाव घेताना यांना हसून विचारतात, "आयज फुटल्यो मरे?" काल यांची बारावी खेप फुटली. म्हणून वन्सं, तुम्हाला हात जोडून सांगते, मुरड घालायची रीत यांना मुळीच कळवू नका.